अप्पांनी ऐकलेली मैदानं

आम्ही गोल्फसाठी सहल आखतोय असं नाशकात कुणालाही सांगितलं की समोरचा हमखास म्हणायचा, "त्यासाठी बाहेर कशाला जायचं? गोल्फ क्लब आहे की गावात!" त्याच्या डोळ्यांसमोर असायचं ते आपलं गोल्फ क्लब मैदान. तिथं सकाळी अर्धं शहर गोल गोल चालतं, उरलेलं अर्धं क्रिकेट खेळतं आणि फाटकाबाहेर कडू कारल्याचा रस मिळतो. गोल्फ खेळताना तिथं मी आजवर कुणाला पाहिलेलं नाही. त्यामुळे आधी मैदान आणि खेळ यांतला फरक समजावून सांगावा लागायचा, मग सहल, आणि मग सगळ्यात अवघड भाग. तो म्हणजे, सहलीला जाणाऱ्या तिघांपैकी गोल्फ कुणालाच येत नव्हतं.

माझे वडील, म्हणजे आमचे अप्पा, देवळाली कॅम्पच्या बाजूला एका गोल्फच्या मैदानावर पस्तीस वर्षं कामाला होते. गवत लावायचं, कापायचं, त्याला पाणी द्यायचं, त्याच्यातलं तण काढायचं, एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामाला पस्तीस वर्षंही कमी पडली, असं ते म्हणतात.

आमचं मूळ गाव सिन्नरकडचं. थोडी कोरडवाहू जमीन, आणि त्या जमिनीत भरपूर हरळी. शेतात हरळी शिरली म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच विचारावं. हातभर खणून काढली तरी एक कांडं मातीत राहतं आणि पुढच्या पावसात पुन्हा सगळीकडे पसरतं. माझ्या आजोबांचा अर्धा जन्म ती उपटण्यात गेला. अप्पा कामाला लागले तेव्हा मैदानावर गवताचं नावही नव्हतं. बॉल जिथं शेवटी भोकात घालायचा, ती गोल जागासुद्धा वाळू आणि जळकं तेल कालवून केलेली असायची. काळपट दिसायची म्हणून तिला 'ब्राउन' म्हणत. दोन-तीन वर्षांनी साहेबांनी ठरवलं, आता इथं हिरवळ, म्हणजे 'ग्रीन', करायची. बाहेरून खास गवताची पोती आली. अप्पांनी मोठ्या उत्सुकतेनं पोत्याचं तोंड सोडलं, तर आत हरळी!

पान जरा बारीक होतं, जात जरा नाजूक होती, पण हरळीच. अप्पांनी गावी जाऊन ही हकिकत सांगितली तेव्हा आजोबा म्हणाले, "हरळी लावायचा पगार देत्यात? मंग त्यांना म्हणावं आपल्या रानात या. फुकाट न्या. वर जेवाया घालतो."

अप्पा स्वतः कधी खेळले नाहीत. तसा नियम आडवा येत नव्हता. सोमवारी मैदान बंद असायचं आणि त्या दिवशी तिथल्या कामगारांना खेळायची मुभा होती. बॅगा उचलणारी मंडळी सोमवारी हौसेनं खेळायची. पण मैदान बंद म्हणजे गवत कापायचा, खत टाकायचा, पाण्याच्या नळ्या दुरुस्त करायचा दिवस तोच. ज्या दिवशी बाकीचे खेळायचे त्या दिवशी अप्पांना श्वास घ्यायला वेळ नसायचा.

मग त्यांनी काय केलं, तर ऐकलं. बदल्या होऊन येणारे साहेब लोक देशाच्या कानाकोपऱ्यांतून यायचे आणि प्रत्येकाला आधीच्या गावचं मैदान आठवायचं. शिलाँगहून आलेले एक कर्नल म्हणायचे, "याला गवत म्हणता? तिथं ढग खाली उतरून पाणी घालून जातात." कोलकात्याहून आलेल्यांचं म्हणणं, तिथल्या ग्रीनवर बॉल चालतो तेव्हा त्याचा आवाजच येत नाही. राजस्थानातले सांगायचे, आमच्याकडे बोटभर गवत नव्हतं, तरी आम्ही अठरा होल खेळायचो. निलगिरी, काश्मीर, कुमाऊं, आसामातले चहाचे मळे, सगळीकडचं अप्पांच्या कानावर पडलं. ते मान डोलवायचे आणि पाण्याची नळी पुढच्या ग्रीनवर न्यायचे.

मी नाशिक रोडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्या सोबतच्या शिक्षिकेनं केरळच्या सहलीचे फोटो पाठवले होते, ते मी घरी सगळ्यांना दाखवत होते. आईनं हाउसबोट बघितली, अप्पांनी हाउसबोटीच्या मागच्या काठावरचं गवत बघितलं. मी सहज विचारलं, "अप्पा, तुम्हाला कुठं जावंसं वाटतं का?"

या प्रश्नाचं त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. मला कुठं जायचंय, गुडघे दुखतात. पण त्या दिवशी ते म्हणाले, "शिलाँगला."

आई हातातली मेथी निवडायची थांबली. "कुठं?"

"शिलाँगला. तो कर्नल खरं बोलत होता का नाय ते बघायचंय."

"खेळायला जायचंय तुम्हाला?" मी विचारलं.

"खेळायला कशाला? गवत बघायला." मग जरा थांबून म्हणाले, "कलकत्ता पण बघू. आवाज येत नाय म्हणतात, असं कसं होईल? पस्तीस वर्षं ऐकून घेतलं मी सगळ्यांचं. आता एकदा बघून येऊ."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतला भारताचा गुंडाळी नकाशा घरी आणला आणि हॉलमध्ये खिळ्याला टांगला. आईच्या टिकल्यांचं पाकीट घेतलं आणि अप्पा सांगतील तिथं लाल टिकली लावत गेले. आठ टिकल्या झाल्या. काश्मीरच्या डोक्यावर एक, पायथ्याकडे निलगिरीत एक, एक पार आसामात. देशाला गोवर आल्यासारखं दिसत होतं.

आई लांबून बघत होती. म्हणाली, "एक माझी पण लाव."

"कुठं?"

"गयेला. बोधगया वाटेत लागत असेल तर मी येते. नाहीतर तुम्ही बाप-लेक जा गवत चरायला."

मी बिहारमध्ये हिरवी टिकली लावली.

मग भूगोलाचा खरा तास सुरू झाला. सुट्टी दिवाळीची, म्हणजे जेमतेम अठरा दिवस. त्यात आठ ठिकाणं, ती देशाच्या चारही कोपऱ्यांत. अप्पांना वाटत होतं, रेल्वेत बसलं की होतं सगळं. मी पट्टी घेऊन अंतरं दाखवली. काश्मीर गेलं, कारण त्या दिवसांत तिथं थंडी पडून मैदान बंद व्हायची वेळ येते. निलगिरी गेली, कारण ईशान्येकडून परतणारा पाऊस तिथं नेमका तेव्हाच कोसळतो. हे मी दरवर्षी नववीला शिकवते, पण घरात कुणी पहिल्यांदाच इतकं लक्ष देऊन ऐकलं. एकेक टिकली निघताना अप्पा म्हणायचे, "हां, राहू दे. तो साहेब जरा जास्तच सांगायचा." शेवटी राजस्थान, बोधगया, कोलकाता आणि शिलाँग उरलं. वाळवंट, गंगेचं मैदान, त्रिभुज प्रदेश आणि डोंगर. परीक्षेत विचारावा असा प्रवास होता.

जायचं कसं ते ठरलं, राहायचं कुठं तेही ठरलं. राहिलं होतं ते आत शिरण्याचं. मी कोलकात्याला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ फार अदबीनं बोलत होते.

"मॅडम, आपण मेंबर आहात?"

"नाही. आम्हाला फक्त मैदान बघायचं आहे."

"खेळायचं आहे?"

"नाही, बघायचं आहे. गवत."

मग ते म्हणाले, "गवत विकत हवं आहे का?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांना पटलंही असावं, पण बघण्यासाठी आत सोडण्याची त्यांच्याकडे सोयच नव्हती. बाहेरगावच्या माणसाला खेळायला मिळतं, मात्र त्याच्याकडे आपल्या क्लबचं हँडिकॅपचं सर्टिफिकेट हवं. म्हणजे हा माणूस साधारण किती वाईट खेळतो, याचा अधिकृत दाखला. आणि खेळणाऱ्यासोबत एक-दोन पाहुणे चालत येऊ शकतात.

मी फोन ठेवला आणि अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "मग झालं की. तू शिक."

"मी?"

"मग काय मी? माझे गुडघे दुखतात."

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी गोल्फ शिकले ते असं. अप्पांच्या ओळखीचे एक निवृत्त मेजर साहेब गावाबाहेरच्या एका क्लबाचे सभासद होते. त्यांना अप्पांनी सगळी हकिकत सांगितली. साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग लगेच उठून त्यांनी पत्नीच्या जुन्या स्टिक काढून दिल्या आणि म्हणाले, "यांच्या हिरवळीवर मी वीस वर्षं खेळलो. आता यांच्या मुलीला दर रविवारी घेऊन जाणं माझं काम."

शिकवायचे मेजर साहेब, पण माझा खरा मास्तर अप्पाच. त्यांनी जन्मात स्टिक हातात धरली नव्हती, पण माणूस कुठं चुकला हे ते जमिनीवरून ओळखायचे. मी फटका मारला की साहेब बॉल कुठं गेला ते बघायचे आणि अप्पा ढेकूळ कुठून उडालं ते बघायचे. "उजवा खांदा पाडला तू," ते जमिनीकडे बघूनच सांगायचे. आणि ते बरोबर असायचं.

अडचण अशी, की सुरुवातीचे दोन महिने माझ्या प्रत्येक फटक्याला ढेकूळ उडायचं. बॉल जागेवर, गवताचा तुकडा लांब. प्रत्येक वेळी अप्पांचा चेहरा दात दुखल्यासारखा व्हायचा. पुढच्या रविवारी ते पिशवीत वाळू आणि बी कालवून घेऊन आले. मी मारायचे, ते मागून वाकून खड्डा भरायचे आणि पायानं दाबायचे.

"अप्पा, गुडघे दुखतात ना तुमचे? इथली माणसं करतील ते."

"तू खेळ. इथल्या माणसांनी काय पाप केलंय?"

घरी आई या सगळ्याला 'काठ्या खेळणं' म्हणायची. आमचे हे मला रविवारी पहाटे गाडीवरून मेजर साहेबांकडे सोडायला यायचे आणि दिवाळीत लेकीच्या बारावीचा अभ्यास मी बघतो म्हणून त्यांनी स्वतःची सहलीतून सुटका करून घेतली होती. शाळेत मी कुणालाच काही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर लहानपणीही मी बरंच सांगायचं टाळलेलं होतं. वडील काय करतात असं कुणी विचारलं की मी "कॅम्पात नोकरीला आहेत" एवढंच म्हणायचे, आणि पुढचं काही न विचारता समोरची मुलगी जे समजेल ते समजू द्यायचे. गवत कापतात असं म्हणायला मला लाज वाटायची. आता रविवारी ते माझ्यामागे वाकून खड्डे भरत असताना मला त्याची आठवण यायची आणि मग पुढचा फटका हटकून चुकायचा.

एका रविवारी आईही आली. फाटकातून आत शिरल्यावर ती थबकली आणि लांबवर पसरलेल्या हिरव्या उताराकडे बघत राहिली.

"असं असतं होय आत?" ती म्हणाली. "अहो, तुमचं पण असंच होतं का?"

"याच्यापेक्षा भारी," अप्पा म्हणाले.

"इतकी वर्षं गेटावर डबा आणून दिला. कधी आत बोलावलं नाहीत."

अप्पांनी थोडा विचार केला. "तू कधी म्हणाली नाय."

आई त्या दिवशी शेवटपर्यंत आमच्यासोबत चालली आणि दर थोड्या वेळानं अप्पांना विचारत राहिली, हे कोण कापतं, ते कोण कापतं, एवढं पाणी कुठून आणता. अप्पांना इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला माझं सर्टिफिकेट आलं. त्यावरचा आकडा मी सांगणार नाही. मेजर साहेब म्हणाले, "यापेक्षा मोठा आकडा आम्ही देऊ शकत नाही, नाहीतर दिला असता."

दिवाळीच्या सुट्टीला आम्ही पेठच्या घाटातून एसटीनं वलसाडला उतरलो आणि तिथून रेल्वेनं राजस्थानात. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा कॉलरचा टी-शर्ट घातला होता, कारण क्लबाचा तसा नियम होता. आईनं स्टिकची बॅग बघून गाडीतल्या लोकांना परस्पर सांगून टाकलं की मुलगी खेळाडू आहे. वलसाडपासून पुढच्या दोन स्टेशनांपर्यंत मी मान वर केली नाही.

राजस्थानातलं मैदान गावाबाहेर, छोटंसं. मी सर्टिफिकेट काढून पुढे केलं, तर तिथले व्यवस्थापक म्हणाले, "रखिए, रखिए. चाय पीजिए, फिर जहाँ मन करे घूमिए." तो चार-पाच महिने घाम गाळून मिळवलेला कागद त्यांनी बघितलाही नाही. कर्नल-कॅप्टन मंडळी खरंच सांगत होती. लांबच लांब भुरी जमीन, मधे बाभळी, एक मोर, आणि गवताचा पत्ता नाही. ग्रीनच्या जागी वाळू आणि तेलाचे काळपट गोल होते. अप्पा पहिल्या गोलापाशी गेले, वाकले, चिमूटभर वाळू उचलून नाकाशी नेली आणि आईला म्हणाले, "घे, वास घे. लग्न झालं तेव्हा माझ्या कपड्यांना यायचा तो."

आईनं वास घेतला. "हाच. किती सोडा लागायचा धुवायला!"

तिथला माणूस जाड पोत्याची पट्टी दोरीनं ओढत गोल सारखा करत होता. बाहेरून सुरू करून आत, भोकापर्यंत. अप्पा थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांना राहवलं नाही.

"भैया, अंदर से बाहर करो. अपने पाँव का निशान अपने आप मिटता है."

"बाऊजी, बाहर से अंदर ही होता है. मेरे उस्ताद ने सिखाया."

"उस्ताद ने गलत सिखाया."

आई माझ्याकडे बघायला लागली. पण भांडण झालं नाही. त्या माणसानं दोरी अप्पांच्या हातात दिली. अप्पांनी भोकापासून सुरुवात करून गोल गोल फिरत बाहेरपर्यंत पट्टी ओढली. मग त्यानं दुसऱ्या गोलावर आपल्या पद्धतीनं ओढून दाखवली. दोघं एकमेकांचं काम वाकून, तिरकी मान करून तपासत होते. शेवटी ठरलं ते असं, की वारा असेल त्या दिवशी अप्पांची पद्धत बरी आणि वारा नसेल त्या दिवशी उस्तादांची. मी तिथं तीन होल खेळले. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, त्यामुळे बरी खेळले.

बोधगयेत आईनं आम्हा दोघांना दटावून ठेवलं होतं की इथं गवताचं नाव काढायचं नाही. अप्पांनी ते पाळलं. बोधिवृक्षाखाली आम्ही तिघं बराच वेळ डोळे मिटून बसलो. आईनं त्रिसरण-पंचशील म्हटलं आणि पदरानं डोळे पुसले. नंतर बाहेर पडताना ती स्वतःच म्हणाली, "अहो, ती तिकडची हिरवळ किती छान ठेवलीय नाही?"

अप्पा म्हणाले, "मी काय बोललो का?"

कोलकात्याला मात्र माझी परीक्षा होती. तिथं सर्टिफिकेट नीट वाचलं गेलं. वाचणाऱ्यानं आकडा बघून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. आई व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत चहा घेऊन बसली. पहिल्या फटक्याला माझ्यामागे चार वयस्क गृहस्थ आपली पाळी येण्याची वाट बघत उभे होते. मी मारला तो बॉल पंधरा पावलांवर जाऊन थांबला. मागून एक जण हळूच "वेल ट्राइड" म्हणाला. मी त्या चौघांना पुढे जाऊ दिलं. मग मागून आलेल्या तिघांनाही. बॅग उचलणारे काका फार सज्जन होते. ते प्रत्येक फटक्यानंतर फक्त म्हणायचे, "दीदी, हवा है आज." हवा अजिबात नव्हती.

दुसऱ्या ग्रीनवर अप्पा म्हणाले, "आता बोलू नका कुणी." मी बॉल हळूच ढकलला. अप्पा कान देऊन उभे राहिले. बॉल जात राहिला आणि खरंच काही ऐकू आलं नाही. अप्पांनी खाली बसून तळहात गवतावर ठेवला, जसा तापाच्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पुन्हा मार."

चौथ्या होलपाशी मी मागं वळून बघितलं तर अप्पा नाहीत. काकांना थांबायला सांगून मी शोधायला निघाले. एका उंच कुंपणामागे गवताची रोपवाटिका होती. तिथं अप्पा आणि तिथले मुख्य माळी समोरासमोर उकिडवे बसले होते. दोघांच्या हातात गवताची एकेक काडी. मुख्य माळी बंगाली वळणाचं हिंदी बोलत होते आणि अप्पा सिन्नरी वळणाचं.

"ये दूब है ना?"

"दूब ही है. लेकिन महीन जात का."

"हमारे यहाँ हरळी बोलते. मेरे बाप ने जिंदगीभर उखाड़ा, मैंने जिंदगीभर लगाया."

मुख्य माळी मांडीवर थाप मारून हसले. म्हणाले, त्यांचे वडील भातशेती करायचे आणि तेही बांधावरच्या दूबेला शिव्या द्यायचे. मग त्यांनी यंत्राचं पातं दाखवलं, खताचा ढीग दाखवला, बुरशी लागलेला एक कोपरा दाखवला. अप्पांनी त्या कोपऱ्याकडे बघून विचारलं, "पाणी संध्याकाळी देता का?" ते म्हणाले, हो. अप्पांनी मान हलवली. "सकाळी द्या. रात्री ओलं राहिलं की हे होतं." दुसऱ्या माणसानं हे सांगितलं असतं तर कदाचित राग आला असता. माळ्यांनी मात्र खिशातून छोटी वही काढून लिहून घेतलं.

मी खेळ तिथंच सोडला आणि कुंपणाशेजारच्या बाकावर जाऊन बसले. मघाशी "वेल ट्राइड" म्हणणारे गृहस्थ परत येताना माझ्यापाशी थांबले. अप्पांकडे बोट करून त्यांनी इंग्रजीत विचारलं, ते आपले कोण? खूप वर्षं खेळत असतील, चालण्यावरून वाटतं.

"माझे वडील," मी म्हटलं. "खेळले कधीच नाहीत. आमच्याकडच्या मैदानाचं गवत त्यांनी लावलंय. पस्तीस वर्षं गवतच कापत होते."

हे इतक्या मोठ्या आवाजात बोलायची गरज नव्हती. पण बोलले. ते गृहस्थ टोपी काढून रोपवाटिकेत शिरले, आणि अर्ध्या तासानं बघते तर तेही तिथं उकिडवे बसायचा प्रयत्न करत होते.

आई व्हरांड्यात वैतागून बसली होती. तिसरा चहा झाला होता. "झालं का खेळून?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "मी कधीच सोडलं. अप्पांचं अजून चाललंय."

शिलाँगला पोचलो तेव्हा मी सवयीनं सर्टिफिकेट हातात घेऊन फाटक शोधत होते. फाटक सापडेचना. पाइनच्या झाडांमधून मैदान उताराउतारानं खाली गेलेलं होतं आणि त्याच्या कडेनं गावातली माणसं आरामात फिरत होती. कुणी म्हातारा काठी टेकत, कुणी बाळाला पाठीला बांधून, दोघी मैत्रिणी कणीस खात. एकाला विचारलं, आत जायला परवानगी कुणाची घ्यायची? त्याला प्रश्नच कळला नाही. "चलिए ना," तो म्हणाला, "बस बॉल से बचके."

मी तिथंच एका दगडावर बसून हसत सुटले. इतके रविवार, इतकी ढेकळं, आणि ज्या मैदानासाठी सगळं सुरू झालं तिथं कुणीही यावं आणि चालावं! आईला हसण्याचं कारण सांगितलं तर तीही हसली. "बरं झालं ना, शिकलीस तरी," म्हणाली.

अप्पा केव्हाच पुढे गेले होते. गवत हरळीचं नव्हतं. पान रुंद होतं, मऊ होतं, ओलं होतं. ते चपला काढून त्यावरून चालत होते. कॉलरचा टी-शर्ट, वर स्वेटर, पायात काही नाही. आम्ही गाठलं तेव्हा म्हणाले, "कर्नल खोटं बोलत नव्हता." थोड्या वेळानं दुरुस्ती केली, "पण आमच्या मैदानाला नावं ठेवायची गरज नव्हती. आमच्याकडं ढग कुठून आणायचे?"

आणि तेवढ्यात खरोखरच ढग आला. समोरची झाडं आधी राखाडी झाली, मग दिसेनाशी झाली, आणि बारीक पाऊस सुरू झाला. फिरणारी माणसं झाडांच्या आडोशाला गेली, खेळणाऱ्यांनी बॅगा उचलल्या. आमच्याकडे एकच छत्री होती.

"चला," आई म्हणाली, "सर्दी होईल."

"थांब जरा," अप्पा म्हणाले.

"आता काय राहिलं?"

"एवढं पाणी पडतं इथं. आणि चिखल नाय कुठं. जातं कुठून ते बघायचंय."

आई काहीतरी पुटपुटली. तरी तिनं छत्री सरकवून अप्पांच्या डोक्यावर धरली आणि स्वतःचा एक खांदा भिजू दिला. आम्ही तिघं एकमेकांना चिकटून उभे राहिलो. पाऊस वाढला. अप्पा उताराकडे डोळे लावून होते, जराही हलले नाहीत. मी थंडीनं कुडकुडत होते, तरी निघावंसं वाटत नव्हतं.

पाच-सात मिनिटांनी त्यांनी हात लांब केला. "ते बघ. त्या दोन झाडांच्या मधून. दिसतंय का?"

मला काहीच दिसत नव्हतं. आई डोळे बारीक करून बघत होती.

"हो की," ती म्हणाली, "बारीक धार आहे."

"तिथं खाली पाणी जायला दगड भरलेले असणार," अप्पा म्हणाले आणि दोघं, एका छत्रीत, उतारावरून त्या धारेच्या दिशेनं चालायला लागले.